सुपर मिटिअर ६५० विकून हलकी गाडी घ्यावी का? वय ६३, डावा गुडघा कुरकुरतोय

डिचोलीचा_काटेवाला

नमस्कार मंडळी. डिचोलीत राहतो. खाणी चालू होत्या तेव्हा वजनकाट्यावर कामाला होतो, त्यामुळे किलोचा हिशेब डोक्यातून जात नाही. माझ्याकडे २०२३ची रॉयल एनफिल्ड सुपर मिटिअर ६५० मोटरसायकल आहे. कंपनीच्या कागदावर २४१ किलो. त्यावर मी लेग गार्ड लावला, मोठी काच लावली, बाजूला दोन पेट्या आणि मागे टॉप बॉक्स. गोकर्णला निघायच्या आदल्या दिवशी सामान भरून, टाकी फुल्ल करून हौस म्हणून भंगारवाल्याच्या काट्यावर चढवली. २८५ भरली. तो म्हणाला, "काका, आधी तुम्ही उतरा." मी बाजूलाच उभा होतो.

एकदा पळायला लागली की वजनाचा काही त्रास नाही, उलट सुख आहे. बेळगाव मागे टाकून हायवेला लागलं की शेजारून ट्रक गेला तरी गाडी हलत नाही. त्रास सगळा चालण्याच्या वेगाला. पणजीत अठरा जून रस्त्यावर दोन स्कूटरींच्या मधून मागे ओढायची म्हटलं की पार्किंग सोडून घरी परत जावंसं वाटतं.

आणि फेरीबोट. बायकोचं माहेर दिवाडी बेटावर, म्हणजे नार्व्याहून फेरी, पूल नाही. ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा उतार वाढतो आणि शेवटचा भाग शेवाळलेला. बायको आधीच उतरते, पिशवी घेऊन चालत बोटीत जाते आणि मी पोचेपर्यंत मागे वळून बघत नाही. बघवत नाही म्हणते.

गुडघ्याचं सांगतो. आपण डाव्या बाजूने चालवतो आणि रस्त्याचा ढाळ कडेकडे, म्हणजे डावीकडेच असतो. थांबलं की डावा पाय खोल जातो आणि गाडी त्याच बाजूला कलते. माझा दुखरा गुडघा तोच. डॉक्टरांनी चालवू नका म्हटलेलं नाही, वजन पेलू नका म्हटलंय. त्यांना वाटलं मी पोती उचलतो.

मुलगा म्हणतो आता कार आहे ना. ते उत्तर नको. गाडी हलकी करायची आहे, सोडायची नाही. दोघं बसून चोर्ला घाट चढेल, कोल्हापूरपर्यंत जाईल आणि धक्क्यावर माझ्या हातात राहील असं काय आहे? आणि ज्यांनी मोठी सोडली त्यांनी खरं सांगा, मागून हळहळ वाटली का?

पेडण्याचा_पोरगा

काका, केटीएमची ३९० ॲडव्हेंचर! १८० किलोच्या आसपास, तुमच्या गाडीसमोर पीस आहे पीस. चोर्ल्याला तर विचारूच नका.

डिचोलीचा_काटेवाला

अरे बाबा, त्या सीटवर पाय टाकायला मला आधी कुंपणावर चढावं लागेल. मागे टॉप बॉक्स असला तर पाय टाकायचा कुठून?

केरीची_बाई

काका, मी इंटरसेप्टर ६५० वरून हंटर ३५० वर आले. २१८ किलोवरून १८१. फरक ३७ किलोंचा, म्हणजे घरचा भरलेला गॅस सिलिंडर आणि वर थोडं. कागदावर फार वाटत नाही. पण तो सिलिंडर आपण दर सिग्नलला एका पायावर तोलत होतो हे तो उतरल्यावर कळतं.

शाळेत शिकवते, माहेर बेळगावला, त्यामुळे चोर्ला घाट माझा नेहमीचा. हळहळ वाटली का? वाटली, एकाच ठिकाणी. घाटात ट्रकच्या मागे. सहाशे पन्नासवर दोन वळणांच्या मधला तुकडा मिळाला की मनगट फिरवायचं आणि ट्रक मागे. आता मागे कुणी बसलेलं असेल तर गिअर उतरवायचा, पुढचा लांब सरळ तुकडा येईपर्यंत डिझेलचा धूर खायचा आणि मगच निघायचं. घाट चढते, त्यात शंका नको. फक्त ओव्हरटेक ठरवून करावं लागतं. हायवेला ऐंशी-नव्वदला निवांत, त्याच्या पुढे इंजिन राबतंय हे ऐकू येतं. पुलावर आडवा वारा आला की हलकी गाडी जास्त हलते, पहिले काही दिवस दचकायला होतं.

पण मिळालं काय ते सांगते, कारण ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मोठ्या गाडीवर मी थांबायची जागा शोधत जायचे. घाटात डावीकडे खडी आहे, नको. उतार आहे, नको. चहाच्या टपरीसमोर चिखल आहे, पुढच्या टपरीला बघू. पुढची टपरी आली की तिथे ढाळ. असं करत करत केरीहून निघालेली बाई पाणी न पिता बेळगावला. आता पावसात धबधब्यापाशी, कुठेही, पाय टेकून थांबते. मग वळून परत, एका झटक्यात.

तरी हंटर तुम्हाला सुचवणार नाही. ती एकट्याची, शहरातली गाडी आहे. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १३७० मिलिमीटर, तुमचा १५००. काकी इतकी वर्षं ऐसपैस बसल्यात, त्या पहिल्या दिवशीच उतरतील. नुसतं वजन बघून हिमालयन ४५० च्याही मागे लागू नका. ती १९६ किलो, तुमच्यापेक्षा ४५ किलो कमी, पण सीट ८२५ मिमी उंच आणि तुमची ७४०. म्हणजे वजन उतरलं आणि गुडघा चढला. हलक्या गाड्या बऱ्याचदा उंच असतात आणि बुटक्या गाड्या जड. तुम्हाला दोन्ही हवंय, तिथे यादी झटकन आखूड होते. मिटिअर ३५० बघा, १९१ किलो, सीट ७६५. बसायची तऱ्हा तुमच्या ओळखीची, पाय पुढे. किंवा टीव्हीएस रोनिन, साधारण १६० किलो, सीट ७९५.

पेडण्याचा_पोरगा

बाई, ३५० म्हणजे काकांना एकदम पेन्शनीत काढल्यासारखं. ट्रायम्फ स्पीड ४०० बघा ना. काका, तुमची ताकद ४७ पीएस, वजन २४१ किलो. स्पीडची ४० पीएस, १७६ किलो. भागाकार करा, किलोमागे ताकद हलक्या गाडीचीच जास्त. सीट पण ७९०.

म्हापशेकर_गॅरेज

पोरा, भागाकार बरोबर आहे, पण गाडी रिकामी पळत नाही. काका आणि काकी मिळून दीडशे किलो धर. आता ४७ भागिले ३९१ आणि ४० भागिले ३२६ कर. दोन्हीकडे ०.१२. माणसं बसली की दोघी सारख्याच. म्हणजे तुझी सूचना चुकीची नाही, घाटात काकांना फारसं काही गमवावं लागणार नाही. मिटिअर ३५० चं गणित मात्र ०.०६ वर येतं, बरोबर निम्मं. केरीच्या बाईंना धूर खावा लागतो तो याच्यामुळे.

आता काका, तुमच्याशी. विकायची घाई कशाला? २८५ वजा २४१, हे ४४ किलो कंपनीचे नाहीत, तुमचे आहेत. त्यातही सगळं वजन सारखं नसतं. लेग गार्ड खाली असतो, तो फार नडत नाही. टॉप बॉक्स मात्र मागच्या चाकाच्याही मागे आणि सीटच्या वर. गाडी कलली की पहिला ओढणारा तोच. सरळ उभी असेल तोवर गाडी दोन बोटांवर राहते, पण दहा अंशांना पायावर जेवढं येतं त्याच्या जवळजवळ दुप्पट वीस अंशांना येतं. तुमचा डावा पाय ढाळात गेला की नेमकं हेच होतं. पेट्या आणि बॉक्स काढा आणि थोडे दिवस तशीच चालवा. बॉक्समध्ये काय आहे हो? आमच्याकडे येणाऱ्या बॉक्सांत पंक्चरचं सामान, दोन रेनकोट, तीन वर्षांपूर्वीची पाण्याची बाटली आणि देवाचा प्रसाद असतो.

धक्क्यावर पुढचा ब्रेक दाबून उतरू नका. पहिला गिअर, क्लच सोडलेला, गाडी इंजिनवर उतरू द्यायची आणि मागचा ब्रेक हलका. एबीएसवर (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) भिस्त ठेवू नका, चालण्याच्या वेगाला ते कामाला येत नाही. बोटीच्या लोखंडी पत्र्यावर हँडल सरळ ठेवा, तिथे वळायचं नाही आणि ब्रेकही नाही. मागचे हॉर्न मारतात, मारू देत.

नवी गाडी बघायला गेलात तर आधी चालवू नका. बंद गाडी उतारावर, पुढचं चाक खाली करून उभी करा आणि सीटवर बसून पायांनी मागे ढकला. शोरूमच्या फरशीवर सगळ्याच गाड्या हलक्या. जी उतारावर मागे येईल ती तुमची. पळताना कुठलीही आवडते.

केरीची_बाई

गॅरेजवाल्या दादांचं ढकलायचं अगदी पटलं. एक माझ्याकडून. गाडी पडली तर एकट्याने उचलायला जाऊ नका, गुडघ्याला तर मुळीच झेपणार नाही. मी शिकलेय ती रीत अशी: आधी किल स्विच दाबून इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा. मग सीटला पाठ लावून बसायचं, एक हात खालच्या मुठीला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पाठीने नाही तर पायांनी, छोटी छोटी पावलं मागे टाकत उठायचं. वाचायला सोपं आहे. १८१ किलोला जमतं. २८५ ला दोन पायलट, म्हणजे आपले मोटरसायकल टॅक्सीवाले, बोलवा, स्टँडवर असतातच ते, आणि चहा पाजा.

पणजी_ते_पाळोळे

विकायचीच झाली तर कागदाचं बघून ठेवा. फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे कागद) सही करून विषय संपला असं समजू नका, आरसी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा. आणि विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुमचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, नव्या दुचाकीला लागू होतो. पन्नास टक्क्यांपर्यंत जाणारी गोष्ट आहे, लोक फुकट घालवतात.

दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के. त्यामुळे ३५० आणि ४०० मधला फरक नुसता ताकदीचा राहिला नाही. दोन्हींचा ऑन-रोड आकडा शेजारी शेजारी लिहून घ्या आणि मगच भागाकार करा.

डिचोलीचा_काटेवाला

मंडळी, आभारी आहे. एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

बॉक्स उघडला. पंक्चरचं सामान, रेनकोट, साखळी-कुलूप, एक नारळ. दादा, तुम्ही प्रसाद म्हणालात, मी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा नारळ काढला, कधीचा ते विचारू नका. पेट्या, बॉक्स आणि काच उतरवून परत काट्यावर गेलो, २५० च्या आत आली. फरक जाणवतो. अंगणातून फाटकापर्यंत एका दमात ढकलली. पण धक्क्यावर जाऊन आलो, भरतीच्या वेळी, आणि तिथे अजूनही मीच तिच्या हातात आहे, ती माझ्या नाही. तेव्हा विकायची हे ठरलं.

कुठली घ्यायची त्यावर घरात दोन मतं. मला स्पीड ४०० चा भागाकार आवडला. जीएसटीचा मुद्दा वाचल्यावर थोडा कमी आवडला. बायकोने फोटो बघून विचारलं, मी धरायचं कुठे? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मिटिअर ३५० ची मागची सीट तिला बरी वाटते, पाठीला टेकायला बॅकरेस्ट लावून घेऊ म्हणते. हायवेला ऐंशीच्या पुढे मी तिला घेऊन तसाही जात नाही, कारण खांद्यावर चिमटा बसतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदीच, मग तो वरचा वेग मी ठेवू कुठे? घाटातल्या ट्रकचं तेवढं राहिलं. बाई, धूर खाईन.

पोरा, तुझ्यासाठी एवढंच. एकटा असतो तर स्पीड घेतली असती.

दादा, एक विचारायचं होतं. मिटिअर ३५० ची ट्रायल दोघांनी घ्यायची आहे, पण शोरूमवाला फक्त सपाट रस्त्यावर एक फेरी देतो म्हणाला. उतारावर ढकलून बघायची कशी?

म्हापशेकर_गॅरेज

माझ्या एका गिऱ्हाइकाची मिटिअर ३५० सर्व्हिसला येणार आहे. त्यांना विचारून ठेवतो, नाही म्हणणार नाहीत. गॅरेजच्या मागे कोर्टाकडे चढणारा चांगला चढ आहे. काकींना घेऊन या, आणि शुक्रवार सोडून, बाजाराच्या दिवशी म्हापशात गाडी ढकलायलाही जागा नसते. तुमचीही आणा, शेजारी लावून दोन्ही ढकला. आणि ती काच फेकू नका, विकताना वेगळे पैसे येतात.