फी आपली, टक्केवारी दुकानाची: द्राक्ष सल्लागारांना हे चालतं कसं?

मिरज पूर्व
फळछाटणी तोंडावर आलीय म्हणून विषय काढतो. तासगाव, कवठेमहांकाळ, आमचा मिरज पूर्व भाग, सल्लागाराशिवाय बाग धरणारे आता कमीच. एकरी फी ठरते, माणूस प्लॉट बघतो, चिठ्ठी देतो. इथवर ठीक. पण बऱ्याच जणांचं स्वतःचं कृषी सेवा केंद्र, म्हणजे खतं-औषधांचं दुकान असतं, नाहीतर एखाद्या दुकानाशी टक्केवारी ठरलेली. फुलोऱ्यात पाऊस झाला की डाऊनी रोगाच्या धास्तीनं आपला जीव टांगणीला. तेव्हा चिठ्ठीत तीनाऐवजी पाच औषधं आली तर विचारायची छाती कुणाची? डॉक्टरांना कट घ्यायला २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनी बंदी तरी आहे (पाळतात किती, तो वेगळा धागा होईल). आपल्याकडं कीटकनाशक विकायला १९६८ च्या कायद्याखाली परवाना लागतो, सल्ला द्यायला काहीच लागत नाही.

काउंटरवाला
दुकानदार बोलतोय, शिव्या खायची तयारी ठेवून. छाटणीपासून बेदाणा विकेपर्यंत उधारीला कोण थांबतं, बँक? तीस गुंठेवाल्याला फी परवडत नाही. त्याच्या बांधावर माझा पोरगा जातो, त्याचा पगार औषधाच्या मार्जिनमधूनच निघतो. बाग गेली तर उधारी माझीच बुडते की.

मिरज पूर्व
तुम्ही फी घेत नाही, तुमचा धंदा उघड आहे. माझं भांडण दोन्हीकडून घेणाऱ्यांशी.

सोनाकावाली
आमच्या चिठ्ठीवर औषधाचं नावच नसतं. "निळी पिशवी, २ नंबर डबा." यंदा रिकामे डबे उचलून लेबल वाचली, तर लागोपाठच्या दोन फवारण्यांत घटक तोच, फक्त ब्रँड वेगळा. पैसे दुप्पट गेलेच, शिवाय एकाच घटकाचा मारा झाला की रोग त्याला दाद देईनासा होतो.

एक्स्पोर्ट प्लॉट
ताई, २०१० ला सीसीसीचे (वेलीची वाढ रोखायच्या औषधाचे) अंश सापडले म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले, आठवतंय ना? चिठ्ठी कुणाचीही असो, माल बागायतदाराचा. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला फुकट मिळतो, तो बघा. आणि चिठ्ठीवर घटकाचं नाव लिहूनच घ्या, औषध कुठूनही आणता येतं.

काउंटरवाला
मांजरीचा सल्ला अख्ख्या भागासाठी असतो, तुमच्या प्लॉटवरचा भुरी रोग तिथून दिसत नाही. आणि बाहेरून डुप्लिकेट आणलं, रिझल्ट आला नाही, की सल्लागाराच्या नावानं खडे फोडायला सगळे मोकळे.

सोनाकावाली
म्हणून तर बॅच नंबरसकट पक्कं बिल घ्यायचं. आमचा माणूस म्हणतो, बाहेरचं औषध आणलं तर माझी जबाबदारी नाही. मग फी कसली घेतो?

मिरज पूर्व
आम्ही काही जण मिळून यंदा दुकान नसलेला सल्लागार लावतोय. फी जास्त सांगितली, देणार आहोत.

काउंटरवाला
लावा की. उधारीला मात्र त्याच्याच दारात जावा.