मदत हवी आहे: वाघोटन खाडीतल्या जहाजबांधणीची आठवण कशी जपावी?

मंडळी नमस्कार. विजयदुर्गजवळ, वाघोटन खाडीत गिर्ये गावापाशी मराठा आरमाराची खडक फोडून केलेली गोदी आहे. किल्ला बघायला येणारे बहुतेक तिथवर जातच नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार इंग्रजांच्या हल्ल्यात याच बंदरात जळालं. पुढे आनंदराव धुळपांनी पेशव्यांचं आरमार सांभाळलं, तेही इथूनच.

आम्हा खाडीकाठच्या काही जणांना गावात छोटंसं दालन करायचंय. नुसता फलक नको, त्याला हार घालून सगळे मोकळे होतात! जुन्या सुतारांच्या घरी वाकस (लाकूड तासायचं हत्यार), पटाशी, सामता (भोकं पाडायचं हत्यार) अजून आहेत. एका वाकसाचा दांडा भुंग्याने पोखरलाय, पातं गंजलंय. रंग न फासता हे कसं टिकवायचं?

फळ्यांच्या फटीत कापूस ठासून वर राळ कशी भरायची, हे करून दाखवणारे एक आजोबा आहेत. त्यांचं चित्रीकरण करताना नेमकं काय विचारून घ्यावं? गुराबेची (आरमारातल्या लढाऊ जहाजाची) लाकडी प्रतिकृती करणारं कुणी माहीत आहे का? आणि गोदीजवळ माहितीफलक लावायचा तर परवानगी ग्रामपंचायतीची, की पुरातत्त्व खात्याचीही लागते? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा, पावसाळ्याआधी कामाला लागायचंय.