अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारण्याची हिटलरला गरज होती का?

धागाकर्ता:
७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकी काँग्रेसने जपानविरुद्ध युद्ध जाहीर केले. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या त्या वेळच्या भाषणात जर्मनीचा उल्लेखही नव्हता. तरीही ११ डिसेंबरला हिटलरने आपण होऊन अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. जर्मनी, इटली आणि जपान यांच्या १९४० च्या त्रिपक्षीय कराराने करारातील सहकारी देशावर हल्ला झाला तरच मदतीचे बंधन होते, आणि इथे तर हल्लेखोर जपानच होता. मॉस्कोसमोर सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू होऊन आठवडाही उलटला नसताना आणखी एक बलाढ्य शत्रू अंगावर घेणे, हा माझ्या मते निव्वळ अविचार होता.

प्रतिसाद १:
असहमत. मार्चपासून लेंड-लीज कायद्याखाली (युद्धसाहित्य उसने देण्याचा अमेरिकी कायदा) ब्रिटनला मदत सुरू होती, सप्टेंबरमध्ये रूझवेल्ट यांनी जर्मन पाणबुड्यांवर दिसताक्षणी गोळीबाराची मुभा दिली होती आणि ३१ ऑक्टोबरला ताफ्याला संरक्षण देणारी 'रूबेन जेम्स' ही अमेरिकी विनाशिका जर्मन पाणबुडीने बुडवलीही होती. मग उरले होते काय? फक्त युद्ध जाहीर नसल्याने जर्मन नौदलाचे बांधलेले हात. ते सुटताच, जानेवारी १९४२ पासून, पाणबुड्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर धुमाकूळ घातला; किनाऱ्यावरची शहरे रात्री दिवे मालवत नव्हती आणि त्या उजेडात तेलवाहू जहाजे आयतीच टिपता येत होती.

धागाकर्ता:
काही महिन्यांच्या या शिकारीची किंमत काय मोजली, तेही पाहावे. जपानने सोव्हिएत संघाशी एप्रिल १९४१ मध्ये केलेला तटस्थता करार मोडला नाही, तो मोडावा अशी लेखी हमी हिटलरने घेतली नाही, आणि अमेरिकेत भरलेली जहाजे सोव्हिएत झेंडा लावून जपानच्या नाकासमोरून व्लादिवोस्तोक या सोव्हिएत बंदराला जात राहिली. याला मैत्री म्हणायचे की फुकटची हमाली?

प्रतिसाद २:
धागाकर्त्यांचा हा मुद्दा बिनतोड आहे, परंतु त्याच ११ डिसेंबरला जर्मनी, इटली आणि जपान यांनी स्वतंत्र तह न करण्याचा करार केला, हे ते सोडून देतात. जपानने अमेरिकेशी परस्पर समझोता केला असता, तर अमेरिकेची सारी ताकद युरोपकडे वळली असती. हिटलरला ती धास्ती होती आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.

धागाकर्ता:
पर्ल हार्बरनंतर जपान लगेच समझोता करणार होता, असे मानायला आधार कोणता? संतापलेली अमेरिकी जनता पॅसिफिककडे पाहत असताना युरोपात आधी सैन्य धाडण्याचे समर्थन रूझवेल्ट यांना जड गेले असते. ती अडचण हिटलरनेच दूर केली.