साखर आणि शेज: इंदूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

रामबागेतल्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर सातजण, त्यातले पाच शुगरच्या गोळ्यावाले. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) किती आली, पायाला मुंग्या येतात का, पोह्यांवर जिलबी खाल्ली की नाही, सगळं निघतं. शुगरमुळे शेजेवर काय होतं, ही एक गोष्ट कोणी काढत नाही, म्हणून मीच काढतो. टोपणनावाने लिहा. सल्ले नकोत, स्वतःचं सांगा.

गराडूप्रेमी: वय 54, शुगर 11 वर्षं. दोन वर्षांपासून ताठरता टिकत नव्हती. वय झालं म्हणून गप्प बसलो, आणि ही झोपेपर्यंत बाहेर बातम्या लावून बसायचो. शेवटी ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची गोळी, आणली. घेण्याआधी डॉक्टरांना विचारलं हे नशीब. त्यांचा पहिला प्रश्न, "छातीत दुखतं का? जिभेखाली ठेवायची गोळी घेता का?" ती जिभेखालची म्हणजे नायट्रेट; ते चालू असताना सिल्डेनाफिल घेतली तर बीपी धाडकन कोसळतं. मग म्हणाले, तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, साखरेचा मार तिथे आधी दिसू शकतो. गेलो होतो गोळीचं विचारायला, आलो टीएमटीची (पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती) चिठ्ठी घेऊन!

सराफ्याची_सून: बायकांचं कोण विचारतं? डॉक्टर डोळे तपासायला पाठवतात, पायाची बोटं बघतात, पुढे काही नाही. मला कोरडेपणा होताच. त्यात लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी नवी गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात खाज, पांढरं जाणं, जवळ येणं म्हणजे आग. ह्यांना वाटलं मी टाळतेय. लेडी डॉक्टरांनी सांगितलं, बुरशीचा संसर्ग आहे, त्या गोळीने होऊ शकतो. पण गोळी मनाने बंद करू नका. मलम दिलं, शिवाय पाण्याच्या बेसचं जेल. (खोबरेल तेल नको, कंडोमचं रबर खराब होतं. मला कुठे माहीत!) ओळखीचं कोणी नको म्हणून जेल आणायला थेट पलासियाला गेले. काउंटरवर शेजारच्या काकू, बीपीच्या गोळ्या घेत.

टाइपवन_भिया: 33 वर्षं, इन्सुलिनवर. ऐन वेळी घाम फुटला, हात थरथरायला लागले. बायको खुशीत, मी गार. मीटरवर साखर 58, फारच खाली. आता उशाशी ग्लुकोजचा डबा असतो. आई विचारते, "खोलीत कशाला रे हा?" काय सांगणार!

नाव_नको: वीर्य बाहेर येतच नव्हतं, उलटं मूत्राशयात जायचं. शुगरने मज्जातंतू बिघडल्यामुळे. मूल हवं होतं, म्हणून कळलं. नाहीतर चार लोकांत "तिच्यातच काहीतरी" असं चाललंच होतं.

गराडूप्रेमी: परत मीच. टीएमटी ठीक आली. काल हिला हा धागा वाचायला दिला. वाचून झाल्यावर चष्मा काढून बराच वेळ पदराने पुसत बसली. मग म्हणाली, "अहो, मला वाटलं मी जाड झाले म्हणून. दोन वर्षं रात्रीचा भात सोडलाय मी."