मदत हवी आहे : बाटलीत भरलेल्या सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) झाकणं फुगली, खायचे की फेकायचे?

वाडीवाली
नमस्कार मंडळी. आमचं गाव देवळी तालुक्यात, जिल्हा वर्धा. घरामागे अडीच गुंठ्यांची वाडी आहे. वांगी, टमाटर, सांबार (कोथिंबीर), पालक सगळं घरचं. यंदा कडेनं लावलेल्या तुरीला एवढ्या शेंगा लागल्या की सोले संपता संपेनात. सोलेभात झाला, कचोऱ्या झाल्या, लेकीकडे पिशवी गेली, तरी टोपलं भरलेलंच. फ्रीज लहान, त्यात लाईटचा काही भरवसा नाही. म्हणून जानेवारीत मोबाईलवर एक व्हिडिओ पाहून बाटल्या भरल्या.

सोले उकळले, मिठाच्या पाण्यासकट काचेच्या बाटल्यांत ओतले, वर बोटभर तेल, झाकण घट्ट. मग बाटल्या गंजात ठेवून पऱ्हाटीच्या जाळावर अर्धा तास उकळल्या. एकूण ९ बाटल्या. दीड महिना काही झालं नाही. आता ऊन तापायला लागलं आणि परवा पाहते तर दोन झाकणं पुरीसारखी टम्म. एक उघडली, फस्सकन आवाज आला, पाणी गढूळ, फेस वर. बाकीच्या ७ दिसायला चांगल्या आहेत.

सासूबाई म्हणतात, आंबलं असेल, कढईत नीट परतलं की झालं. काल सकाळी त्यांनी उघडलेल्या बाटलीतले दोन दाणे तोंडात टाकून पाहिलेसुद्धा! थुंकले म्हणतात. आम्ही दोघी तीन रात्री सोलत बसलो होतो, नखं काळी पडली होती, त्यामुळे फेकायला हात होत नाही. ७ बाटल्या तरी वापरता येतील का? अशाच भरलेल्या टमाटरच्या ४ बाटल्या आहेत, त्यांचं काय?

धुऱ्यावरचा
तेल कमी पडलं असेल ताई. आमच्या आजीचं लोणचं तेलाखाली दोन वर्षं टिकायचं.

बरणीवाली मावशी
वाडीवाली, अशा बाटल्यांतून बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा होऊ शकते, म्हणून आधी सासूबाईंना घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. काय खाल्लं आणि कधी, ते स्पष्ट सांगा. थुंकले असले तरी सांगाच. डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं, घास गिळता न येणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की दिवस, थेट मोठ्या दवाखान्यात. बहुतेक वेळा त्रास १८ ते ३६ तासांत सुरू होतो, पण काही दिवसांनीही होऊ शकतो. घाबरवत नाही, पण यात उद्यावर टाकायचं नसतं.

आता बाटल्यांचं. सगळ्या ९ फेका. ही विषबाधा करणाऱ्या, मातीतल्या एका जिवाणूचे बीजाणू १०० अंशांच्या पाण्यात तासभर उकळले तरी मरत नाहीत. त्यांना मारायला दाबाखाली साधारण १२१ अंश लागतात. बाटलीत हवा नाही, आंबटपणा नाही, वरून ऊन, म्हणजे त्यांची चंगळच. त्यांचं विष कधी कधी वासाला, चवीला, रंगाला कळत नाही, म्हणून चांगल्या दिसणाऱ्या ७ बाटल्यांवरही माझा विश्वास नाही. आणि घरच्या कुकरात शिट्ट्या मोजतो आपण, तापमान नाही, तेव्हा तो उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका.

धुऱ्यावरचा, आजीचं लोणचं तेलामुळे एकट्यानं टिकत नव्हतं हो. कैरीचा आंबटपणा आणि मूठ-मूठ मीठ, खरं काम त्यांचं. तेल फक्त वरची बुरशी अडवतं. सोल्यांत आंबट काहीच नाही, तिथे तेलानं उलट हवा बंद केली.

फेकताना हातमोजे किंवा पिशव्या हाताला बांधा. बंद बाटल्या उघडू नका, पिशवीत गुंडाळून खोल पुरा. शेणखताच्या उकिरड्यात नको, कोंबड्या-बकऱ्यांना तर मुळीच नको. जिथे सांडलं तिथे ब्लीचिंग पावडरचं पाणी फिरवा.

टमाटर आंबट असतं, पण प्रत्येक फळ पुरेसं आंबट निघेलच असं नाही. लिंबूसत्व न घालता भरले असतील तर तेही जाऊ द्या. पुढच्या वेळी अर्ध्या लिटरला पाव चमचा लिंबूसत्व घाला आणि बाटल्या पाण्यात पूर्ण बुडवून उकळा. तेल अजिबात नको.

वाडीवाली
मावशी, काल संध्याकाळीच घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, चार दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. सध्या ठणठणीत आहेत आणि माझ्यावरच चिडल्या आहेत. बाटल्या पुरल्या. हातात घेताना जीव तुटला खरं सांगते. मग सोले ठेवायचे तरी कसे? वाडीत पोपटाच्या (वालाच्या) शेंगा अजून आहेत.

बरणीवाली मावशी
वाळवा की! विदर्भातलं ऊन, त्याहून स्वस्त मशीन कुठे मिळणार? दाणे उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाका, लगेच गार पाण्यात, मग निथळून स्वच्छ कपड्यावर पातळ पसरा. वर मच्छरदाणीचा तुकडा. संध्याकाळी घरात आणायचे, नाहीतर रात्रीचा दमट वारा सगळं वाया घालवतो. आणि अवकाळीचे ढग दिसले की धावायची तयारी ठेवा.

दाताखाली कडकन फुटला की वाळला, चिवट लागला की अजून एक ऊन. गार झाल्यावर बरणीत भरा आणि आठवडाभर रोज हलवून पाहा. काचेला आतून ओल दिसली तर पुन्हा बाहेर काढा. मी एकदा ही पायरी गाळली होती, आषाढात बुरशीनं पांढरी झालेली अख्खी बरणी फेकली. वांग्याच्या चकत्याही अशाच होतात, फक्त कापल्याबरोबर मिठाच्या पाण्यात टाका, नाहीतर काळ्या पडतात.

धुऱ्यावरचा
माझा सल्ला मागे घेतो. आजीला विचारलं, म्हणते, सोले कधी बाटलीत भरतात का बाप्पा, उन्हात टाकायचे.

वाडीवाली
चार दिवस झाले, सासूबाईंना काही त्रास नाही. पोपटाचे दाणे दोन दिवसांपासून अंगणात आहेत. राखण सासूबाईंकडे. हातात लांब तुराटी, आणि चिमणी नुसती कुंपणावर बसली तरी शिव्या.