मदत हवी आहे: समुद्र गरुडाचे फोटो धूसर येतायत

निनाद_पुणे
राजापूरजवळ आंबोळगडला लागोपाठ दोन शनिवार जाऊन आलो. गरुड समोर, लख्ख ऊन, तरी एक फोटो धड नाही. पिसांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. समुद्री बगळा तर दिसलाच नाही. सेटिंग सगळं बरोबर आहे. येत्या शनिवारी परत निघतोय. लेन्स दुरुस्तीला टाकू का? लवकर सांगा.

रेवा
लेन्स कुठली, शटर किती, किती वाजता, पक्षी किती लांब? नुसतं "सेटिंग बरोबर" म्हटल्यावर आम्ही काय सांगणार?

फोकसवाला
पुढे यूव्ही फिल्टर असेल तर आधी काढा. माझ्या लेन्सवर स्वस्तातला होता, दोन वर्षं वाया गेली.

निनाद_पुणे
150-600, पूर्ण 600 वर. 1/2000. फिल्टर नाही. अकरा ते दोन. कड्यावरून सुरूच्या झाडाकडे, दीडशे मीटर.

रेवा
मग लेन्स दुरुस्तीला टाकू नका. कड्याचा जांभा दगड अकरानंतर तव्यासारखा तापतो. त्यावरची हवा थरथरते आणि तुम्ही दीडशे मीटर त्या हवेतून बघताय. शटर 1/4000 केलंत तरी उपयोग नाही. जवळचा एखादा फोटो स्वच्छ आलाय का?

फोकसवाला
डिसेंबरात कसली थरथर! ऑटोफोकस पुढेमागे झालाय. कॅलिब्रेशन करून घ्या, मी शपथेवर सांगतो.

निनाद_पुणे
खाली कातळावर एक खेकडा काढला होता, तीन मीटरवरून. त्याच्या डोळ्यांचे देठ, पाठीवर वाळलेल्या मिठाचे कण, सगळं मोजता येतंय.

रेवा
फोकस बिघडला असता तर खेकडाही धूसर आला असता.

फोकसवाला
जवळचं बरोबर आणि लांबचं चूक, असंही होतं. एकदा तपासायला काय हरकत आहे?

सागरवेडी
मिठाचा विषय निघालाय म्हणून सांगते. लाटांचा तुषार काचेवर बसतो. शर्टाने पुसू नका, चरे पडतात. आधी फुंकणीने कण उडवा, मग साध्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं. आणि एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, वाफ धरते. अर्धा तास बॅगेतच राहू दे.

दर्यावर्दी_मालवण
तू गेललंस त्या दिवशी तिथी खयची होती?

निनाद_पुणे
तिथीचा काय संबंध? गेल्या शनिवारी अष्टमी होती बहुतेक.

दर्यावर्दी_मालवण
बगळ्याचो सगळो संबंध तिथीशीच. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, आमचे म्हातारे असंच काढत. अष्टमीला भरती सहाला, सुकती म्हणजे ओहोटी बाराला. त्यात भांग, म्हणजे पाणी फारसं आटतच नाही. बगळा येतो तो कातळातली डबकी उघडी पडली की. एक पाय पाण्यात हलवून मासे उठवतो, पाहण्यासारखं असतं. येत्या शनिवारी पौर्णिमा आहे, उधाण. रविवारी सुकती सकाळी सहा-साडेसहाला. उजाडताच खाली उतर. पण पाणी वळलं की परत फीर, उधाणाचं पाणी मागून वाट अडवतं. काळा शोधताना पांढऱ्याला सोडू नकोस, हाच बगळा पांढराही असतो.

कासवप्रेमी
वेळासला जा. 2002 मध्ये तिथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवं जपायला सुरुवात केली. पिल्लं समुद्रात जाताना फ्लॅश मात्र अजिबात नको.

रेवा
ती पिल्लं फेब्रुवारीनंतर. इथे गरुडाचं चाललंय.

खवय्या
जैतापूरकडे चांगली खानावळ आहे का कोणाला माहीत? मीही निघतोय.

घारजोशी
निनाद, सुरूच्या झाडाकडे म्हणालात. त्या झाडावर काय आहे? पक्षी तासन् तास तिथेच का?

निनाद_पुणे
घरटं आहे, काटक्यांचं, भलं मोठं. पहिल्या शनिवारी झाडाखालीच उभा होतो. जोडी डोक्यावर ओरडत फिरत होती, पण फोटो तसेच आले.

घारजोशी
ती तुम्हाला हाकलत होती. एक पक्षी अंड्यांवर बसायला हवा होता, तो वर घिरट्या घालत राहिला आणि अंडी उन्हात उघडी पडली. ही जोडी वर्षानुवर्षं तेच घरटं डागडुजी करून वापरते. हुसकावली तर सोडूनही जाते. कृपा करून त्या बाजूला जाऊ नका, आणि जागेचा नेमका पत्ता इथे टाकू नका. गरुड सकाळी खाडीच्या तोंडाशी मासे, समुद्री साप पकडायला येतात, तिथे थांबा. पण आधी ओळख पक्की करा. तांबूस अंग आणि पांढरं डोकं म्हणजे ब्राह्मणी घार. राखाडी पंख, पांढरं पोट आणि पाचरीसारखी शेपूट म्हणजे गरुड.

निनाद_पुणे
अंड्यांचं माझ्या डोक्यातच आलं नाही. वाईट वाटलं वाचून. घरट्याकडे जात नाही आता. रविवारी उजाडताच खाली उतरतो. पण कड्याची सावली पडेल ना तिथे?

दर्यावर्दी_मालवण
कड्याखाली पडतली. टोकाकडच्या खडकांवर ऊन आधी येतं, तिथे बस.