मदत हवी आहे: .32-40 हाय वॉल, 200 यार्डांवर गोळ्यांच्या भोकांचा गट उभा पसरतो

रायफल विंचेस्टर 1885 (हाय वॉल हा तिचा प्रकार, .32-40 हे काडतूस), मूळ बॅरल, आतल्या खाचांचा पीळ 16 इंचांत एक फेरा. बॅरलमध्ये मऊ शिसं ठोकून माप घेतलं, खाचांचा व्यास .321 इंच. घरी ओतलेली गोळी 25:1 शिसं-कथील, साइझ करून (व्यास नेमका करून) .322 इंच, बंदुकीची जुनी काळी दारू. 100 यार्डांवर गट देखणा, 200 वर मात्र उभा लांबतो. आडवा फरक नगण्य, भोकं गोल (म्हणजे गोळी डगमगत नाही), बॅरलमध्ये शिसं चिकटत नाही. गोळ्या तोलून निवडल्या, टेकूची जागा बदलली, दर फैरीनंतर फुंकनळी वापरली (बॅरलमधली काजळी मऊ राहावी म्हणून श्वास फुंकायची नळी), फरक नाही.

स्मोकलेस (आधुनिक, कमी धुराची) दारू वापरायची नाही, जुन्या बॅरलला हातही लावायचा नाही. मला संशय गोळीच्या वेगातल्या चढउताराचा आहे. आधी काय बदलून पाहू: दारूची दाबणी, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), की गोळी काडतुसाऐवजी थेट बॅरलमध्ये बसवणं?